प्रकरण सहावे : उमेदवारीचे सहा महिने

एका मूर्तीला एकच द्रव्य, हा दंडक आपण समजतो तितका पुरातन नाही. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरात इ. स. पू. 438 मध्ये फिडियस या शिल्पकाराची जी प्रचंड अथीना प्रतिष्ठित झाली, तिची कांती हस्तिदंताची, वस्त्रे सोन्याच्या पत्र्याची आणि आतला सांगाडा लाकडाचा होता; बंगालातील दुर्गा आजही बांबू, पेंढा आणि माती यांच्या आधाराने उभी राहते आणि वरून खरेखुरे वस्त्र नेसते. संगमरवर आणि ब्राँझ या दोघांनाच कुलीन ठरवून बाकीच्या द्रव्यांना पंक्तीबाहेर बसवण्याचा शिरस्ता युरोपातील अकादमींनी पाडला, आणि तो तेथे इतका मुरला की 1881 मध्ये एद्गार दगा याने मेणाच्या एका बालनर्तकीला खरा झगा, केसांत खरी फीत आणि पायांत खरे नाचाचे जोडे घालून पॅरिसच्या प्रदर्शनात काचेच्या कपाटात उभी केली, तेव्हा हे शिल्प समजावे की वस्तुसंग्रहालयातला नमुना, असा पेच कित्येक टीकाकारांना पडला. त्यानंतर एकतीस वर्षांनी उंबेर्तो बोच्चोनी या इटालियन शिल्पकाराने आपल्या जाहीरनाम्यात काच, लाकूड, पुठ्ठा, सिमेंट, घोड्याचे केस, चामडे, कापड, आरसे आणि विजेचा दिवासुद्धा शिल्पाच्या सेवेत रुजू करून घेतला, एकाच कृतीत वीस द्रव्ये वापरण्याची मुभा दिली; आणि त्याच 1912 साली पिकासोने पुठ्ठा आणि दोरी यांची एक सतार नव्हे, पण तिचीच चुलत बहीण शोभेल अशी गिटार बनवून भिंतीवर टांगली.

परंतु कलावंताने स्वतः एखादी मुभा घेणे निराळे, आणि ती तीस उमेदवारांच्या वर्गाला शिकवणे निराळे. मातीचा मुखवटा घडवणाऱ्या विद्यार्थ्याची प्रगती मोजण्यास समोर बसलेला मनुष्य पुरेसा असतो. नाक बसले की नाही, हनुवटी उतरली की नाही, हे शिक्षक एका दृष्टिक्षेपात सांगू शकतो. ज्या विद्यार्थ्यापुढे तारेचे वेटोळे, फुटक्या आरशाचा तुकडा, सुताराच्या रंध्याखालचा भुसा आणि मेंढीच्या लोकरीचा पुंजका एवढेच आहे, आणि ज्याला कशाचीही प्रतिकृती करावयाची नाही, तो गेल्या महिन्यापेक्षा पुढे गेला आहे हे कोणत्या मोजपट्टीने ठरवावे? मॉस्कोच्या व्खुतेमास या कलासंस्थेतही 1920 पासून या प्रश्नाशी झटापट चालू होती. परंतु त्याचे सर्वांत सविस्तर आणि सर्वांत वादग्रस्त उत्तर जर्मनीतील वायमार नगरात मिळाले, आणि ते देणारे तीन शिक्षक स्वभावाने एकमेकांपासून इतके भिन्न होते की एकाच संस्थेच्या हजेरीपटावर त्यांची नावे यावीत हे नवलच.

वॉल्टर ग्रोपियस या वास्तुविशारदाने 1919 च्या एप्रिलात वायमार येथे बाउहाउस ही शाळा सुरू केली, तेव्हा जर्मनी महायुद्ध हरून बसला होता, खजिना रिकामा होता, आणि शाळेत दाखल झालेल्या तरुणांपैकी कित्येकजण सरळ खंदकांतून आले होते. चित्रकार, शिल्पकार आणि कारागीर यांच्यामधली भिंत पाडावी, विद्यार्थ्याने शागीर्द म्हणून कार्यशाळेत शिरावे आणि उस्तादाच्या हाताखाली काम शिकून कारागिरीची रीतसर परीक्षा द्यावी, अशी ग्रोपियसची योजना होती. पण कोणत्या कार्यशाळेत कोणाला घालावे? सुतारकाम, धातुकाम, विणकाम, कुंभारकाम, काचकाम, दगडकाम यांपैकी आपले काय, हे अकादमीत चित्रे काढून आलेल्या मुलाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. या अडचणीवर योहान्स इटेन या स्विस शिक्षकाने सहा महिन्यांच्या प्राथमिक वर्गाची तजवीज केली. मुदतीअखेर जो उत्तीर्ण होईल त्यालाच कार्यशाळेची दारे उघडत.

इटेनने आयुष्याची सुरुवात प्राथमिक शाळेतला शिक्षक म्हणून केली होती, आणि बालशिक्षणाच्या नव्या विचारांचा संस्कार त्याच्यावर कायम राहिला. पुढे व्हिएन्नात त्याने स्वतःची कलाशाळा काढली आणि तेथले काही शिष्य त्याच्यामागोमाग वायमारला आले. मुंडन केलेले मस्तक, स्वतः बेतलेला झगा, जरथुष्ट्राचे नाव सांगणाऱ्या माझ्दाझ्नान पंथाची दीक्षा, वर्गाच्या आरंभी श्वासोच्छ्वासाचे आणि अंग सैल करण्याचे व्यायाम, आणि शाळेच्या भोजनगृहातसुद्धा पंथाच्या पथ्याचा अंमल — या सगळ्यामुळे त्याच्याविषयी थट्टेचे पुष्कळ साहित्य निर्माण झाले आहे. ते बाजूस ठेवून त्याचा वर्ग पाहिला, तर झग्याच्या आत एक अत्यंत व्यवहारी शिक्षक आढळतो.

त्याचा क्रम असा होता. प्रथम विद्यार्थ्याने निरनिराळ्या द्रव्यांना डोळे मिटून हात लावावयाचा. लाकडाची साल, फर, काच, लोखंड, पीस, कापड यांतले अंतर बोटांनी ओळखावयाचे. मग त्या द्रव्यांची अशी मांडणी करावयाची की एकाचा गुण दुसऱ्याच्या शेजारामुळे उठून दिसावा: खडबडीत आणि गुळगुळीत, कठीण आणि मऊ, जड आणि हलके, पारदर्शक आणि अपारदर्शक. शेवटी तीच मांडणी समोर न ठेवता, स्मरणाने, कागदावर उतरवावयाची. या दुसऱ्या टप्प्यावर विद्यार्थ्यांना जो ज्वर चढला, त्याचे वर्णन इटेनने पुढे आपल्या पुस्तकात मोठ्या कौतुकाने केले आहे. काटकसरी आज्यांचे खण, स्वयंपाकघरे, तळघरे, कारागिरांच्या कार्यशाळा आणि कारखान्यांचे उकिरडे यांची त्यांनी झडती घेतली, आणि भुसा, तार, दोरी, पिसे, चामडे, जाळ्या, चकचकीत डबे अशा वस्तूंचा ढीग वर्गात येऊन पडला. यात हौसेचा भाग होता तितकाच दारिद्र्याचाही होता. चांगले द्रव्य विकत घेण्यास पैसाच नव्हता. 1923 मध्ये तर चलनाची अशी दुर्दशा झाली की थुरिंगिया प्रांताच्या दशलक्षांच्या नोटांची रचना हर्बर्ट बायर या बाउहाउसच्याच विद्यार्थ्याने केली. उकिरड्यावरच्या वस्तूंना मात्र चलनवाढीचा उपद्रव पोहोचत नव्हता.

मोझेस मिर्किन या विद्यार्थ्याने 1920 मध्ये केलेला विरोधाभ्यास आज पुनर्रचनेच्या रूपात पाहावयास मिळतो. लाकूड, काच आणि धातू यांचे दातेरी, टोकदार, वळलेले तुकडे एकमेकांवर चालून आल्यासारखे उभे आहेत; त्यात कोणाचे चित्र नाही, कसली गोष्ट नाही, तरी एका द्रव्याचा दुसऱ्याला दिलेला नकार डोळ्यांना चटकन जाणवतो. इटेनच्या लेखी हीच प्रगतीची खूण. आरंभी मुलगा कोणताही तुकडा कोठेही चिकटवतो, कारण त्याला सगळी द्रव्ये सारखीच परकी असतात. काही आठवड्यांनी तो एक तुकडा हातात घेऊन थांबतो, दुसरा टाकून देतो, तिसऱ्यासाठी रस्ता तुडवतो. आवडनिवड उत्पन्न झाली की शिक्षकाला उत्तर मिळाले: ज्याचा हात पुनःपुन्हा लाकडाकडे जातो त्याने सुतारशाळेत जावे, ज्याचा तारेकडे जातो त्याने धातुशाळेत.

निदान पुरुषांच्या बाबतीत. पहिल्या सत्रात शाळेत स्त्रिया पुरुषांहून किंचित अधिकच दाखल झाल्या होत्या, आणि ग्रोपियसने समतेचे आश्वासन दिले होते; परंतु संख्या पाहून संचालक मंडळी चपापली, आणि प्राथमिक वर्गात काच, लाकूड व लोखंड यांच्याशी मनसोक्त झुंजलेल्या बहुतेक मुलींची रवानगी अखेर विणकामाकडे झाली. आन्नी आल्बर्स हिला काचकाम हवे होते, मिळाला माग. त्या मागावर तिने विसाव्या शतकातील वस्त्रकलेला नवे वळण दिले ही गोष्ट खरी, पण त्यामुळे त्या हुकुमाचे समर्थन होत नाही. धातुशाळेत चिकाटीने टिकून राहिलेली मारियाने ब्रांट हा ठळक अपवाद होय.

ग्रोपियसशी मतभेद विकोपास गेल्यामुळे इटेन 1923 मध्ये शाळा सोडून गेला आणि त्याच्या जागी लास्लो मोहोली-नॉज या तरुण हंगेरियन कलावंताची नेमणूक झाली. गुरूच्या झग्याची जागा यंत्रशाळेतल्या कामगारासारख्या पोषाखाने घेतली. श्वसनाचे व्यायाम बंद झाले. इटेन विद्यार्थ्याला द्रव्याचा अनुभव घेण्यास सांगे. मोहोली-नॉज त्याला द्रव्याची तपासणी करण्यास सांगे. त्याच्या वर्गात स्पर्शफलक तयार होत, म्हणजे निरनिराळ्या पोतांचे तुकडे एका फळीवर मऊपासून खरखरीतपर्यंत क्रमाने लावून बोटांची परीक्षा घ्यावयाची. ओटी बेर्गर या विद्यार्थिनीने 1928 मध्ये धाग्यांच्या त्रिकोणांची आणि रंगीत कागदांच्या चौकोनांची जी पट्टी केली, ती या जातीच्या अभ्यासांत अग्रगण्य मानली जाते. पुढे बेर्गर नामवंत वस्त्रकार झाली, आणि ज्यू म्हणून 1944 मध्ये आउश्वित्झच्या छावणीत मारली गेली.

मोहोली-नॉजच्या वर्गातली खरी कसोटी समतोलाची होती. काचेची पट्टी, लाकडी दांडी, पत्र्याची कमान आणि तारेचा ताण यांतून अशी रचना उभी करावयाची की ती दोन्ही बाजूंनी सारखी नसावी आणि तरी पडू नये. येथे पदार्थविज्ञान वर्गात शिरते. आसाजवळचे जड लाकूड आणि आसापासून दूर ठेवलेली हलकी काच एकमेकांना तोलू शकतात, कारण वजनाइतकेच अंतरही तेथे काम करते. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा आधाराच्या बाहेर गेला की रचना कोसळते, मग ती कितीही सुंदर असो. परंतु डोळ्यांचा समतोल हा वजनाच्या समतोलाहून वेगळा असतो. काच वजनाने दगडाच्या जवळ जाऊ शकते आणि दिसावयास मात्र नसल्यासारखी असते. लाल रंगाचा लहानसा ठोकळा पांढऱ्या मोठ्या ठोकळ्याला नजरेत भारी पडतो. हे दोन्ही समतोल एकाच वेळी साधणाऱ्या अभ्यासांची छायाचित्रे मोहोली-नॉजने 1929 मध्ये बाउहाउस ग्रंथमालेच्या चौदाव्या पुस्तकात छापली, आणि त्यांतील पुष्कळ कृती आज त्या छायाचित्रांपुरत्याच उरल्या आहेत, कारण उमेदवारांचे अभ्यास जपून ठेवण्याची वस्तू आहे असे कोणी मानतच नव्हते.

अशी छायाचित्रे क्रमाने पाहत गेले, म्हणजे माझ्या मते प्रगतीचा पुरावा एकाच ठिकाणी सापडतो, आणि ते ठिकाण म्हणजे सांधा. नवशिक्याचा सर्व भरवसा सरसावर असतो. लाकूड, काच, कापड, पत्रा, काहीही असो. त्याच्या दृष्टीने जोडणे म्हणजे चिकटवणे, आणि सरस वाळेपर्यंत दोन्ही हातांनी दाबून धरणे. काही दिवसांत द्रव्ये त्याला एकेक धडा देतात. लाकूड दमट हवेत तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते आणि लांबीत जवळजवळ फुगत नाही, म्हणून त्यावर चारी कडांनी घट्ट बसवलेला पत्रा पावसाळ्यात ताणला जातो. काचेच्या गुळगुळीत अंगाला सरस धरत नाही, आणि तिच्या कडेला ओरखडा असला तर सर्व ताण त्या ओरखड्यावर एकवटून ती तेथेच तडकते, म्हणून तिला लांबी, चामडे किंवा बुचाच्या लाकडाची मऊ गादी लागते. प्लास्टर घट्ट होताना गरम होते आणि किंचित प्रसरण पावते. त्यात उघडा लोखंडी खिळा ठेवला तर ओलाव्याने गंजून तांबडा डाग पृष्ठभागावर उमटतो, म्हणून जाणता मूर्तिकार आतल्या सळईला आधी चपड्याचा हात देतो. दोरी ओढ सोसते, पण रेटा सोसत नाही. वीट रेटा सोसते, पण ओढ सोसत नाही. हे ज्याच्या हाताला कळले त्याचे सांधे बदलू लागतात: सरसाच्या जागी खाच येते, खाचेच्या जोडीला खुंटी, पत्र्याला रिबीट किंवा डाख, काचेला खोबण, आणि तारेचा ताण स्वतःच दोन दांड्यांना आपापल्या जागी धरून ठेवतो. शेवटच्या पायरीवर सांधा लपत नाही. दोन द्रव्ये जेथे भेटतात तीच जागा शिल्पाचा मुख्य प्रसंग होऊन बसते. काय केले आहे, हे विचारण्यापेक्षा कसे धरले आहे, हे विचारणारा परीक्षक या वर्गात क्वचितच फसतो.

तिसरा शिक्षक योझेफ आल्बर्स हा मूळचा वेस्टफालियातील शाळामास्तर. बत्तिसाव्या वर्षी, जे वय शिकवण्याचे त्या वयात, तो बाउहाउसमध्ये विद्यार्थी म्हणून आला. त्याला भित्तिचित्रांच्या कार्यशाळेत जाण्याचा हुकूम झाला. त्याने तो मानला नाही, आणि खांद्याला पिशवी अडकवून हातोड्यासह गावाच्या उकिरड्यावर जाऊ लागला. तेथल्या फुटक्या बाटल्यांचे तळ आणि तुकडे आणून तो तारेने व शिशाने त्यांची काचचित्रे बांधी. शाळेतून काढण्याची ताकीद मिळूनही त्याने क्रम सोडला नाही. आणि त्याच्या कामाचे प्रदर्शन झाल्यावर त्याला काढून टाकण्याऐवजी काचेची कार्यशाळाच त्याच्या स्वाधीन करण्यात आली. अशा मनुष्याला 1923 पासून ग्रोपियसने प्राथमिक वर्गाचा एक भाग सोपवला, हे त्या संस्थेच्या चतुर कारभाराचे उत्तम उदाहरण आहे.

शाळा 1925 मध्ये डेसाऊला हलल्यानंतर तेथे शिकलेल्या हान्नेस बेकमान याने आल्बर्सच्या पहिल्या तासाची हकिकत लिहून ठेवली आहे. मास्तर वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आले, प्रत्येकाला काही अंक वाटले, आणि सांगितले की आपण गरीब आहोत, द्रव्य आणि वेळ दवडणे आपल्याला परवडणारे नाही. या कागदाचे आता आहे त्याहून अधिक काहीतरी करा, कागदाचा मान राखून करा, आणि कात्री व सरस यांवाचून जमले तर फारच उत्तम. एवढे बोलून ते निघून गेले. काही तासांनी परत येऊन पाहतात तो जमिनीवर मुखवटे, होड्या, किल्ले, विमाने आणि प्राणी यांची जत्रा भरलेली. मास्तरांनी तिला बालवाडीचे काम म्हटले; त्यांतले बरेचसे दुसऱ्या द्रव्यात अधिक चांगले झाले असते, असाही शेरा मारला. मग त्यांनी एका अगदी साध्या कृतीकडे बोट दाखवले. एका तरुण हंगेरियन वास्तुविद्यार्थ्याने कागद उभा दुमडून पंखासारखा टेबलावर उभा केला होता, बस्स. पण आडवा पडलेला कागद एकाच बाजूने दिसतो आणि स्वतःचे वजनही पेलत नाही. दुमडलेला कागद दोन्ही बाजूंनी दिसतो आणि आपल्या सर्वांत अरुंद अंगावर, कडेवर, ताठ उभा राहतो. कोकणातल्या छपराचा पन्हळी पत्रा ज्या कारणाने सपाट पत्र्यापेक्षा अधिक भार सोसतो, त्याच कारणाने.

आल्बर्सची मोजपट्टी काटकसरीची होती. किती द्रव्य वापरले आणि किती परिणाम साधला, यांचे प्रमाण तो पाही. तुकडे उरले तर ते अपयशाच्या खाती जमा होत. विद्यार्थ्याने आधी एकाच द्रव्याशी राहावे, त्याची ताकद व दुबळेपण हातांनी शोधावे आणि त्यानंतरच त्याची दुसऱ्याशी गाठ घालून द्यावी, असा त्याचा आग्रह असे. मिश्रशिल्पाच्या वर्गाची सुरुवातच मिश्रणाने करणाऱ्या इटेनच्या हे अगदी उलट. आणि दोघांत निवड करावयाची तर मी आल्बर्सच्या बाजूने कौल देईन, कारण इटेनच्या वर्गात पहिल्या आठवड्याची कृतीसुद्धा इतकी आकर्षक दिसे की पुढे कोठे जावयाचे हे विद्यार्थ्याला कळणे कठीण होई. वीस वस्तूंच्या ढिगात चुका सहज दडतात. एका कागदात त्या दडत नाहीत.

नाझी राजवटीच्या दडपणाखाली 1933 मध्ये शाळा बरखास्त झाली आणि योझेफ आणि आन्नी हे आल्बर्स दांपत्य अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातील ब्लॅक माउंटन कॉलेजात गेले. तेथे रूथ असावा 1946 मध्ये शिकावयास आली. युद्धकाळात जपानी वंशाच्या अमेरिकनांना ज्या छावण्यांत कोंडले होते तेथेच ती वयात आली होती. मेक्सिकोतल्या तोलुका येथे अंड्यांच्या टोपल्या विणण्याची जी तारेची वीण तिने 1947 मध्ये पाहिली, तिच्यातून तिने पोकळ, एकात एक गुंतलेली, छताला टांगलेली शिल्पे निर्माण केली, ज्यांत सांधा आणि शिल्प असा भेदच उरत नाही. दुसरा शिष्य रॉबर्ट राउशेनबर्ग. त्याला आल्बर्सची शिस्त मानवली नाही, तरी तोच आपला सर्वांत महत्त्वाचा गुरू असे तो पुढे सांगत राहिला. आणि त्याने 1955 ते 1959 या काळात पेंढा भरलेल्या अंगोरा बोकडाच्या कमरेभोवती मोटारीचा टायर चढवून जे शिल्प पुरे केले, त्यात वायमारच्या उकिरड्याचा वारसा स्पष्ट दिसतो.

हिंदुस्थानाचा या शाळेशी संबंध फार लवकर आला होता. कलेतिहासकार स्टेला क्रामरिश यांच्या पुढाकाराने डिसेंबर 1922 मध्ये कलकत्त्यात इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या प्रदर्शनात क्ले, कँडिन्स्की, फायनिंगर आणि खुद्द इटेन या बाउहाउसच्या शिक्षकांची चित्रे लागली. त्या काळी आमच्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून रेखाटनाचा सराव चालू होता, आणि त्यातून निष्णात हात तयार झाले हे कबूल केलेच पाहिजे. पण लोखंडी भंगार, यंत्रांचे सुटे भाग आणि लाकूड यांना शिल्पाचा मान देणाऱ्या पिलू पोचखानवालांसारख्या मुंबईकर शिल्पकाराला त्या कलाशाळेच्या पदविकेवाचून, शिल्पकार ना. ग. पानसरे यांच्या मार्गदर्शनाखाली, स्वतःची वाट शोधावी लागली, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आमच्या शाळांत चित्रकलेला आठवड्यातून जेमतेम दोन तासिका मिळतात आणि त्यांतली एक बहुधा गणिताच्या शिक्षकांनी मागून घेतलेली असते, याची मला जाणीव आहे. तरीही चित्रकलेच्या शिक्षकांना विनंती आहे की त्यांनी वर्षातले एक सत्र या कामासाठी राखून ठेवावे. खर्चाला मंजुरी लागत नाही: जुनी वर्तमानपत्रे, तार, सुतळी, सुताराकडचे उरलेले तुकडे आणि एक मोठी पेटी पुरे. सरस पहिल्या महिन्यात कुलुपात ठेवावा. मुलांची पहिली कृती, ती कितीही ओबडधोबड असली तरी, फेकून न देता नाव व तारीख लिहून ठेवावी, आणि सत्राअखेर तिच्याशेजारी शेवटची कृती मांडावी. पालक आले, म्हणजे हे काय आहे असे विचारतीलच. त्यांना दोन्ही कृती हातात घेऊन, कोठे कशी जोडली आहे, ते पाहावयास सांगावे.